थोरलीच्या कुलपाची साक्ष

१

मक्तेदारी आयोगाच्या दप्तरखान्यात बरोबर बारा वाजता नाडीकाकूंनी लोखंडी कपाटातून सतरा नंबरची फाईल उचलली आणि त्यांचा हात थबकला. वजन बरोबर होतं. जाडी बरोबर होती. लाल नाडीही त्यांचीच होती. गाठ मात्र त्यांची नव्हती.

एकतीस वर्षं काकू फायलींना नाड्या बांधत होत्या, म्हणून तर शिपायापासून वर सगळे त्यांना नाडीकाकू म्हणत. त्यांची गाठ अशी, की टोक ओढलं तर एका झटक्यात सुटे आणि नाही ओढलं तर भूकंप झाला तरी सुटत नसे. एकदा अशी बांधलेली फाईल गच्चीवरून खाली पडली. खालची कुंडी फुटली, गाठ शाबूत. त्या कुंडीचे तुकडे आयोगात अजून दाखवतात.

आणि ही गाठ म्हणजे बुटाच्या लेसला घालतात तसलं फुलपाखरू.

काकूंनी नाडी सोडली. आत कोरे अर्ज होते. कपाटाशेजारी रचून ठेवलेले, तेच. वही गायब.

ही वही थोरलीच्या बैठकांची. थोरली म्हणजे ती सॉफ्टवेअर कंपनी. तिचं खरं नाव केवढ्या तरी पाट्यांवर होतं, पण आयोगात ते कोणी घेत नसे. घरातल्या खाष्ट जावेबद्दल बोलावं तसं, ‘थोरली काय म्हणाली’, ‘थोरलीचा वकील आला का’, एवढंच. शंभरातले पंचाण्णव कॉम्प्युटर तिच्या प्रोग्रामवर चालत. पत्र लिहायचं तिच्यात, चित्र काढायचं तिच्यात. आयोगाच्या दारांवरची कार्डाची कुलपंसुद्धा तिचीच.

तिच्याविरुद्ध तक्रार केली होती अकरा माणसांच्या एका कंपनीच्या मालकिणीने. तिला सगळे धाकटी म्हणू लागले, हे ओघाने आलंच. धाकटीचा लिहिण्याचा प्रोग्राम लोकांना फार आवडला होता. मग थोरलीने आपला मूळ प्रोग्राम ‘सुधारला’, आणि त्या दिवसापासून धाकटीचा प्रोग्राम चालता चालता मान टाकायला लागला. थोरली म्हणे, हिचं कामच कच्चं. पण थोरलीच्या एका इंजिनिअरने नोकरी सोडताना ही वही आणून आयोगाच्या हवाली केली. जाड पुठ्ठ्याची, पाटीएवढी. तीत संचालकाच्या हातचं एक वाक्य होतं. थोरलीच्या वकिलाचा हट्ट होता की प्रत चालणार नाही, मूळ वही समोर ठेवा.

सुनावणी आज चार वाजता होती. वही नसेल तर खटला निकालात निघणार होता.

२

“बाई, तुम्ही अकरा वाजून दहा मिनिटांनी दप्तरखाना उघडलात,” अध्यक्षसाहेब म्हणाले. कॉम्प्युटरचा पडदा त्यांनी काकूंकडे वळवला. “कार्ड नंबर चार. तुमचं. दहा ते बारा या वेळात तुमच्याशिवाय कोणाचंही कार्ड लागलेलं नाही.”

“अकरा ते सव्वाअकरा मी नळावर असते. रोज. धुळीने हात काळे होतात. कार्ड भिजलं तर तुमचं कुलूप मला ओळखत नाही, म्हणून मी ते बाहेरच्या खिळ्याला अडकवते. हे या इमारतीतल्या पालींनासुद्धा माहीत आहे.”

“कुलूप खोटं बोलत नाही.”

“साहेब, कुलूप थोरलीचं आहे. ज्याच्यावर खटला त्याचंच कुलूप साक्षीला, आणि ते खरं?”

साहेब गोरेमोरे झाले. कार्डाचं कुलूप बसवल्यावर कपाटाचं जुनं लोखंडी कुलूप त्यांनीच काढायला लावलं होतं. कुलपाला कुलूप कशाला, म्हणाले होते. त्यांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. ‘दप्तरखान्याच्या हलगर्जीपणामुळे मूळ पुरावा गहाळ झाला आहे.’ खाली काकूंच्या सहीची जागा.

“तीनपर्यंत सही करा. निदान सुनावणीत आपली अब्रू तरी राहील.”

“कोणाची?”

साहेबांनी पेन कागदावर ठेवलं.

“सही झाली की खटला बुडणार आणि वर माझ्या नावाचा दगड ठेवणार,” काकू म्हणाल्या. “मी करणार नाही. तीनपर्यंत वेळ दिलाय ना, तेवढा मला पुरे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आज कोणाची पिशवी न बघता सोडलीय का, एवढं मात्र विचारा.”

साहेबांनी फोन लावला. पहारेकरी म्हणाला, या खटल्यापायी पंधरा दिवस मी डबेसुद्धा उघडून बघतोय. पाटीएवढी वही काय, पाटीसुद्धा बाहेर गेलेली नाही.

म्हणजे वही इमारतीतच होती. पण इमारत चार मजल्यांची, आणि घड्याळात साडेबारा.

३

आधी आयोगाच्या वकीलबाई. त्या आपल्या खोलीत खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसल्या होत्या. टेबलावर थोरलीचा शिक्का असलेलं पाकीट होतं.

“बघा, उघडून बघा,” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. “नोकरी देतायत मला. गेल्या सहा महिन्यांतलं तिसरं पाकीट. पहिली दोन फाडली. तिसरं फाडायचा कंटाळा आला.”

“अकरा वाजून दहा मिनिटांनी कुठे होतात?”

“खालच्या मजल्यावर, थोरलीच्या वकिलाशी भांडत. आवाज वरपर्यंत आला नाही म्हणता? मग माझी वकिली संपली, काकू.”

आवाज आला होता. काकूंनी नळावर असताना स्वतः ऐकला होता. त्या पुढे निघाल्या.

प्राध्यापक वाचनालयात होते. आयोगाने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं होतं आणि ते गेला महिनाभर आयोगाच्याच विरुद्ध बोलत होते, वर्तमानपत्रांत, जिन्यात, चहा घेताना.

“मीच घेतली असं वाटतंय ना तुम्हाला? स्वाभाविक आहे,” ते खुशीत म्हणाले. “माझं मत आहेच. लोक थोरलीकडे जातात कारण ती चांगली आहे, सोयीची आहे. सरकारने मध्ये नाक खुपसलं की पहिल्या आलेल्या पोराला, तू पहिला का आलास म्हणून छड्या.”

“आणि पहिल्या आलेल्याने शर्यतीत दुसऱ्याच्या पायात पाय घातला असेल तर?”

“तर माझं मत बदलेल. म्हणून तर ती वही मला हवी. पुरावा लपवून वाद जिंकण्यात काय मजा? ते सोडा, काकू, या सगळ्यात साध्या वापरणाऱ्याचं नुकसान काय झालं? एक माणूस दाखवा मला. एक.”

काकूंना आपली सून आठवली. ती घरी बसून भाषांतरं करायची, धाकटीच्या प्रोग्रामात. एक दिवस सगळं मधूनच गायब व्हायला लागलं. पंधरा पानं लिहावीत आणि पडदा पांढरा. तीन महिने ती जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसायची. “आई, मलाच जमत नाही हो. बाकीच्यांचं सगळं चालतं.” शेवटी तिने थोरलीचा प्रोग्राम घेतला आणि मोठं काम घेणं सोडलं, आपल्याला जमत नाही हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

“दाखवीन,” काकू म्हणाल्या. “अकरा दहाला कुठे होतात?”

“बाहेर पायऱ्यांवर. दोन पत्रकारांना हेच सांगत होतो. विचारा त्यांना. अजून झोपले नसतील तर.”

४

धाकटी दप्तरखान्याच्या समोरच्या बाकावर बसली होती. प्रत्येक सुनावणीला ती वेळेच्या कितीतरी आधी यायची आणि याच बाकावर बसायची. समोर दप्तरखान्याचं दार, दाराशेजारी खिळा. तिसाव्या वर्षीच तिच्या केसांत पांढरी बट आली होती. काकूंना तिच्याकडे बघून नेहमी काहीतरी खायला द्यावंसं वाटे.

“मी साडेदहापासून इथेच आहे, काकू. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही.”

“मग कोण आत गेलं?”

“कोणीच नाही.” धाकटीने मान खाली घातली. “साहेबांनाही मी तेच सांगितलं.”

साहेबांनी त्यावरूनच तर निष्कर्ष काढला होता. दुसरं कोणी गेलं नाही, म्हणजे कार्डवालीच गेली.

“काकू, सही करून टाका ना,” धाकटी हळूच म्हणाली. “एकतीस वर्षं झाली तुम्हाला. तुम्हाला कोण काय करणार आहे? मीसुद्धा थकले आता. होऊ दे काय व्हायचं ते.”

“चल, तोंड धुऊन ये. वही मिळेल,” काकू म्हणाल्या, आणि तिच्या बोलण्यातलं काहीतरी चपलेत खडा जावा तसं टोचत त्यांच्याबरोबर जिना चढलं.

राहिला चालू-बंद. आयोगाचे कॉम्प्युटर सांभाळणारा. कोणतीही तक्रार घेऊन गेलं की तो म्हणायचा, बंद करून चालू करा. म्हणून हे नाव. अकरा ते साडेअकरा तो अध्यक्षांच्या टेबलाखाली तारा जोडत होता, आणि अख्खा अर्धा तास साहेबांनी त्याचे पाय बघितले होते.

“पायमोज्याला भोक होतं. साहेबांनी त्याच्यावरही शेरा मारला,” तो म्हणाला. “तुमची वही डिलीट झाली म्हणे?”

“काय झाली?”

“डिलीट. पुसली गेली. पण गंमत सांगू, काकू? आमच्यात फाईल पुसली तरी ती जात नाही. जागेवरून हलतसुद्धा नाही. आम्ही फक्त तिचं नाव यादीतून काढतो आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून मांडतो. पुढे त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की मग ती खरी मेली. तोपर्यंत ती तिथेच. मारणारा हात झटकून मोकळा, खून होतो दुसऱ्याच्याच हातून, आणि त्याला पत्ताही नसतो.”

काकू उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या.

“मोकळी म्हणून मांडलेली जागा,” त्या म्हणाल्या. “अरे देवा. ती तर मीच बांधली. साठ मोजून.”

घड्याळात तीनला सात मिनिटं होती आणि खाली फाटकात गाडीचा हॉर्न वाजला.

५

मुदत संपलेल्या साठ फायली त्या सकाळी दप्तरखान्यात जमिनीवर पसरलेल्या होत्या. दर वर्षी याच दिवशी लगदा करणाऱ्या कारखान्याची गाडी त्या न्यायला येई. तारीख सूचनाफलकावर महिनाभर लावलेली. एरवी काकू प्रत्येक फाईल हातात तोलून, उघडून, मगच गठ्ठ्यात घालत. पण या वर्षी साहेबांनी नवं फर्मान काढलं होतं, की कॉम्प्युटरला फक्त आकडा हवाय, कवटाळत बसू नका. काकूंनी नळावरून येऊन फायली मोजल्या. साठ भरल्या. दहा-दहाचे सहा गठ्ठे बांधले आणि शिपायाकडून खाली पोर्चमध्ये पाठवले. हाताऐवजी आकड्यावर विसंबल्या, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

काकू चार मजले कशा उतरल्या याबद्दल आयोगात तीन मतं आहेत, आणि त्यांतल्या एकात कठडा आहे. एवढं खरं, की ड्रायव्हरने चौथा गठ्ठा उचलला तेव्हा काकू पाचव्यावर बसलेल्या होत्या.

“आजी, उठा. माल न्यायचाय.”

“आजी असशील तू. आधी ते चार खाली उतरव.”

“अहो, सहीचं चलान आहे माझ्याकडे.”

“सही माझीच आहे ना त्याच्यावर? मग मीच सांगते. मी मेले तर मला याच गठ्ठ्यासकट उचलायचं.”

गलबला ऐकून सगळे खाली आले. साहेब हातात तो कागद घेऊनच. वकीलबाई, प्राध्यापक, चालू-बंद. सर्वांत मागे धाकटी.

“बाई, तीन वाजले,” साहेब म्हणाले.

“साहेब, वही बाहेर गेली नाही आणि कोणी तिला लपवायला धावलंही नाही. पाच मिनिटांत काय धावणार? कपाटातून काढून दोन पावलांवरच्या रद्दीत घातली. पुढचं काम आपण सगळ्यांनी मिळून करायचं होतं. मी गठ्ठा बांधायचा, शिपायाने उतरवायचा, तुम्ही चलान पास करायचं. आणि बरोबर तीन वाजता आयोगाने आपलाच पुरावा आपल्या सहीशिक्क्यानिशी लगद्याला पाठवायचा.”

“पण कोणी?” वकीलबाईंनी विचारलं.

“पुसणं म्हणजे नाव काढून मोकळ्या जागेत सोडून देणं, असं कोणाला वाटतं? कागदवाल्यांना नाही. आम्ही फाडतो, जाळतो. हे कॉम्प्युटरवाल्यांच्या डोक्यातलं. अशी डोकी इथे दोन. त्यातल्या एकाच्या मोज्याचं भोक साहेबांनी अर्धा तास बघितलंय.”

चालू-बंदने पाय मागे घेतला.

“आणि कुलपाची मी माफी मागते,” काकू म्हणाल्या. “थोरलीचं असलं तरी ते खरं बोललं. अकरा दहाला माझं कार्ड लागलं, दार उघडलं. समोरच्या बाकावरची म्हणते, मी हलले नाही आणि आत कोणीच गेलं नाही. साहेब म्हणाले, मग तुम्हीच गेलात. अहो, मी गेले असते तर तिला मी दिसले असते. ती म्हणाली असती, काकू गेल्या. पण ती म्हणाली, कोणीच नाही. दार तर उघडलं. बाकावरून दार दिसतं आणि आत जाणारा दिसत नाही, असं एकाच माणसाच्या बाबतीत होतं. जो बाकावरून उठून आत गेला त्याच्या.”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

“मला तुमचं नाव घेता आलं असतं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “तोंडापर्यंत आलं होतं. नाही घेतलं.”

“म्हणूनच सापडलीस, बाळ.”

६

पाचव्या गठ्ठ्याची गाठ काकूंनी एका झटक्यात सोडली. खुर्च्यांच्या दुरुस्तीच्या फाईलमध्ये, मोडक्या हातांच्या आणि उसवलेल्या गाद्यांच्या तक्रारींत, वही शांत पडून होती.

“थोरली माझी कंपनी घेतेय,” धाकटी म्हणाली. “अकराच्या अकरा माणसं ठेवणार आहेत. अट एकच, आज पाचपर्यंत खटला पडलेला हवा. मी उघड माघार घेतली तर त्यांचंही नाव खराब, माझंही. चार वर्षं लढले, काकू. माझ्या ऑफिसात दोघींना बाळं झाली या चार वर्षांत. त्यांना मी काय सांगू? मक्तेदारी वाईट असते म्हणून? हा खटला माझा आहे. मी उभा केला, मी पाडला. तुम्हाला त्याचं काय?”

प्राध्यापकांनी घसा खाकरला. “मी महिनाभर हेच म्हणतोय. शेवटी हे दोन व्यापाऱ्यांचं भांडण. एक जिंकतो, एक विकतो. ग्राहक यात आहे कुठे?”

“माझ्या घरी,” काकू म्हणाल्या. मग त्या धाकटीकडे वळल्या.

“तुझा प्रोग्राम पडायचा तेव्हा तुला ठाऊक होतं, पाय कोणी घातला ते. माझ्या सुनेला नव्हतं. तीन महिने ती स्वतःला बिनडोक समजत होती. अजून समजते. तू कंपनी वीक, तुझी आहे. दुकान वीक, नाव वीक, तुला कोणी अडवणार नाही आणि तुझ्या पोरींची काळजी तुला असलीच पाहिजे. पण तक्रार ज्या दिवशी माझ्या नोंदवहीत चढली त्या दिवसापासून ती तुझी राहिलेली नाही. ती आता डोकं धरून बसलेल्या सगळ्यांची आहे. ती तुला विकता येत नाही.”

“आणि मी गेले तर? मी बोलले नाही तर?”

“तर वही बोलेल. मी आत घेऊन जाणारच आहे.”

काकूंनी काखेतली नोंदवही उघडून तिच्यापुढे धरली. तीत रकाने होते, कागद कोणी नेला, किती वाजता नेला, किती वाजता परत केला. आजची ओळ कोरी होती.

“हे मी तुझ्यासाठी भरणार नाही. आणि कोरी सोडणारही नाही. नियम आहे.”

“याचं काय होईल मला?”

“काय व्हायचं ते होईल. मी खोटं सांगून तुला फसवणार नाही.”

धाकटीने पेन घेतलं. आपलं नाव लिहिलं. पुढे अकरा दहा. मग मनगटावरच्या घड्याळात बघून परत केल्याची वेळ लिहिली, तीन वाजून बावीस. तिचा फोन वाजला. तिने बघितलं कोणाचा आहे ते, आणि वाजू दिला. तो वाजून वाजून थांबला तेव्हा ती वकीलबाईंकडे वळली.

“मला आत साक्षीला बोलवाल? हेही सांगेन मी. पाचपर्यंतची अट कोणी घातली, कोणत्या टेबलावर घातली, सगळं.”

वकीलबाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून थोरलीचं ते पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या देखत फाडलं. कंटाळा गेला असावा.

साहेबांच्या हातात अजून तो टाईप केलेला कागद होता. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. काकूंनी तो अलगद काढून घेतला, घडी घातली आणि वहीत, जिथे ते वाक्य होतं त्या पानात, खूण म्हणून घातला.

चार वाजता थोरलीचा वकील उठला. मूळ पुरावा नसल्याचं त्याला कळलं होतं. इतकं लवकर कसं, हे त्याला कोणी विचारायच्या आत काकूंनी वही टेबलावर ठेवली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू रद्दीच चालत वर आली.

साहेबांनी वही उघडली. आधी त्यांचाच कागद निघाला, कोऱ्या सहीचा. तो त्यांनी घाईघाईने खिशात कोंबला.

“मी वाचू?” प्राध्यापकांनी विचारलं. परवानगीची वाट न बघता त्यांनी चष्मा लावला.

“‘त्यांचा प्रोग्राम पडला पाहिजे,’” ते वाचू लागले, आणि त्यांचा नेहमीचा मोठा आवाज शब्दागणिक बारीक होत गेला, “‘पण असा, की वापरणाऱ्याला वाटावं, चूक आपलीच आहे.’”

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, आणि दाराशी उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं.

“पान उलटा, सर,” काकू म्हणाल्या. “पुढचं याहून वाईट आहे.”